साडेचारशेचा अल्कोहोलमीटर: दारूतलं पाणी पकडतो, बाकीचं त्याला विचारू नका

आधी काय मागवलं ते सांगतो. काचेचा अल्कोहोलमीटर, ० ते १०० स्केलवाला, त्याच्याबरोबर १०० मिलीचा प्लास्टिकचा मेजरिंग सिलिंडर आणि एक बारका थर्मामीटर, सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास पडलं. ऑनलाइनच घेतलं, कारण सांगलीत कॉलेजांना लॅबचं सामान देणारी दुकानं आहेत पण तिथं जाऊन हा एकच पीस मागितला की पहिला प्रश्न येतो "कशाला पाहिजे?" आणि खरं उत्तर दिलं की काउंटरवरची चार माणसं वळून बघतात.

कशाला पाहिजे होता तर आमच्या मित्रमंडळीत हा विषय निघाल्याशिवाय बैठक उठतच नाही. अमक्या ठिकाणी पाणी मारून देतात, तमक्या बाटलीचं बूच आधीच फिरवलेलं होतं, ढाब्यावर तीन लार्ज झाले तरी काही चढलं नाही, वगैरे. आता चढणं हे काही माप नव्हे राव, पोटात काय आहे, किती वेळात पिली, झोप झालीय का यावर ते ठरतं, पण वाद घालायला सगळ्यांना आवडतं. म्हटलं एकदा आकडाच बघू.

वस्तू तशी साधी आहे. खाली फुगा, त्यात तळाला शिशाचे छर्रे, वर पेन्सिलीपेक्षा बारीक काचेची दांडी आणि दांडीच्या आत गुंडाळलेला कागदी स्केल. पाणी जड, अल्कोहोल हलकं. पाण्याची घनता २० डिग्रीला ०.९९८ आणि शुद्ध अल्कोहोलची ०.७८९, त्यामुळे अल्कोहोल जितकं जास्त तितका हा दांडा खोल बुडतो आणि जिथं पातळी येते तो आकडा म्हणजे टक्के, व्हॉल्यूमवर. बस्स, एवढंच त्याला कळतं, घनता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी भांडणं यावरच आहेत.

बघायची पद्धत पण सांगतो कारण बॉक्समध्ये जो चिटोरा आला होता त्यात काहीच धड नव्हतं. सिलिंडर कोरडा पाहिजे. दारू कडेनं हळू ओतायची, फेस करायचा नाही. दांडा वरून टाकायचा नाही, टोकाला धरून अलगद सोडायचा आणि बोटानं एक हलकी गिरकी द्यायची म्हणजे अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटतात, एक बुडबुडा जरी चिकटला तरी मीटर वर उचलला जातो आणि आकडा कमी येतो. मग तो भिंतीला न टेकता स्थिर झाला की डोळा पातळीच्या सरळ रेषेत आणून वाचायचं. दांडीला लागून दारू जराशी वर चढलेली दिसते, तो वरचा काठ नाही वाचायचा, खालची सपाट पातळी वाचायची. माझ्या पीसवर एक रेघ म्हणजे दोन टक्के, त्यामुळे एक टक्का अंदाजानंच. सिलिंडर भरायला ऐंशी-नव्वद मिली तरी लागतं, म्हणजे ६० मिलीच्या लार्ज पेगवर हा चालतच नाही, मीटर तळाला टेकून बसतो. बारमध्ये खिशातून काढून चेक करू अशी कुणाची आयडिया असेल तर विसरा.

आता खरी गंमत. टेम्परेचर.

हा मीटर २० डिग्रीला बनवलेला आहे. सांगलीत मे महिन्यात माझ्या हॉलमध्ये संध्याकाळी ३३ असतं. दारू गरम झाली की फुगते, पातळ होते, मीटर जास्त बुडतो आणि आकडा चढतो. साधारण ४० टक्क्याच्या आसपासच्या मालाला दर डिग्रीमागे ०.४ टक्के धरा. म्हणजे लेबलवर ४२.८ असलेली सीलबंद बाटली आमच्या हॉलमध्ये ४८ च्या जवळ दाखवते. त्यात काही भेसळ नाही, काही जादू नाही, नुसता उन्हाळा आहे.

हे मामांना समजवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. मामा साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर, कँटीनची रम घरात असते. त्यांनी आकडा बघितला, चष्मा वर केला, परत बघितला आणि म्हणाले, "बघ, अठ्ठेचाळीस! लेबलवर बेचाळीस लिहितात पण आम्हाला आतून कडक देतात." मी म्हटलं मामा तसं नसतंय, थांबा. तीच रम तासभर फ्रिजमध्ये ठेवली, १० डिग्रीला आणली, परत मीटर सोडला तर आकडा ३८ च्या वर जाईना. मामांचा चेहरा असा झाला की जणू फ्रिजनंच पाणी मारलं. "मगाशी काढून ठेवली तेव्हा तू काही केलं नाहीस ना?" हे मला, सख्ख्या भाच्याला. शेवटी भांड्यात गार पाणी घेऊन त्यात सिलिंडर उभा केला, थर्मामीटर २० ला आला तसं वाचलं, ४२ च्या जरा खाली. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली, तरी जाताना "ते अठ्ठेचाळीसच खरं असणार" म्हणून गेले.

तर या सेटमध्ये खरा पैसा वसूल करणारा भाग म्हणजे थर्मामीटर आणि नेमका तोच भंगार दिलाय. बर्फ चुरून थोड्या पाण्यात घालून नीट ढवळलं आणि त्यात बुडवला, शून्य यायला पाहिजे, हा दोन दाखवतो. दोन डिग्रीचा फरक म्हणजे जवळपास एक टक्का अल्कोहोलची चूक आधीच खिशात. मी आता स्वयंपाकघरातला डिजिटल वापरतो, तो बर्फात बरोबर शून्यावर येतो. आणि तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायचा चार्ट बॉक्समध्ये नाही. म्हणजे २० डिग्रीला वाचा असं छापायचं आणि भारतातल्या गिऱ्हाइकाला चार्ट द्यायचा नाही, हे म्हणजे कमालच. डिसेंबरात सकाळी सकाळी आमच्याकडे घरातच वीस-बावीस असतं, तेव्हा काही कटकट नाही, बाकी वर्षभर गार पाण्याचं भांडं जवळ ठेवा.

घेताना अजून एक बघा, काही मीटरवर ट्रॅलेस असं छापलेलं असतं, तो स्केल ६० फॅरनहाइटचा म्हणजे साडेपंधरा डिग्रीचा असतो, तिथं आपल्या हवेत फरक अजून मोठा पडतो.

प्रूफचा, म्हणजे दारूची ताकद सांगायच्या जुन्या मापाचा घोळ वेगळाच. या मीटरच्या एका बाजूला टक्के आणि दुसऱ्या बाजूला प्रूफ आहे, पण ते अमेरिकन प्रूफ, म्हणजे टक्क्याच्या सरळ दुप्पट. आपल्या बाटल्यांवर ७५ प्रूफ किंवा २५ यूपी (अंडर प्रूफ) लिहितात ते ब्रिटिश पद्धतीचं, त्यात ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ, आणि २५ यूपी म्हणजे त्याच्यापेक्षा पंचवीस डिग्री खाली, ५७.१ चा पाऊण भाग काढा, ४२.८ येतो. म्हणून आपल्याकडे व्हिस्की घ्या, रम घ्या, व्होडका घ्या, बहुतेक लेबलवर तोच विचित्र आकडा ४२.८. मीटरच्या प्रूफच्या बाजूला तीच बाटली ८५ च्या पुढे दिसते आणि एक मित्र आनंदानं ओरडतो "पंच्याऐंशी आलं रे!" तर ती बाजू बघायचीच नाही, मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

मीटर स्वतः बरोबर आहे का हे आधी तपासा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून २० डिग्रीला शून्य येतोय का बघा, मग सीलबंद व्होडका घेऊन ४२.८ च्या आसपास येतो का बघा. व्होडकाच का, तर त्यात रंग-साखर नसल्यात जमा असते. माझा पीस दोन्हीला पास झाला. व्होडका परत बाटलीत ओतली, वाया घालवायचं काही कारण नाही.

साखरेचा मुद्दा हा दुसरा मोठा. अल्कोहोल मीटरला खाली ओढतं आणि साखर, कॅरॅमल, अर्क हे सगळं त्याला वर ढकलतं. लिटरमागे पाचच ग्रॅम साखर असली तरी आकडा टक्काभर खाली येतो. मामांची रम ४२ च्या खाली आली ती यामुळेच असणार, त्यात कॅरॅमलचा रंग असतो, फसवणूक नाही. म्हणून गडद रममध्ये एखाद-दीड टक्का कमी दिसला म्हणून दुकानदाराच्या अंगावर जाऊ नका.

बिअर आणि वाइनला तर हा मीटर लावायचाच नाही. बिअरमध्ये सोडला तर इतका वर तरंगतो की शून्याची रेघसुद्धा बुडत नाही, जणू गिऱ्हाइकाला उसाचा रस दिलाय. पलूसच्या वाइन पार्कमुळे आमच्याकडे वाइनबद्दल बोलणारे बरेच, एकानं १२-१३ टक्क्यांची ड्राय रेड आणली, मीटर म्हणतो चार. गोड पोर्टमध्ये तर मीटर शून्याला शिवेना. त्या मित्रानं लगेच ठरवलं की वाइनवाले लुटतात. अरे बाबा, वाइनमध्ये आम्ल, उरलेली साखर, ग्लिसरीन सगळं विरघळलेलं असतं, मीटरला त्यातलं काही वेगळं दिसत नाही, त्याला फक्त एकूण वजन कळतं.

मग दुसरा म्हणाला आपल्याकडे ब्रिक्समीटर आहे की! तासगाव-मिरज भागात द्राक्षबागायतदाराच्या खिशात तो असतोच, मणी पिळून थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून साखर बघायची. पण तो बनवलाय साखरेच्या पाण्यासाठी. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की प्रकाश वाकण्याचं गणित वेगळं होतं, टक्के वाढतील तसा आकडा वाढतो पण ऐंशीच्या आसपास जाऊन परत उतरायला लागतो, आणि साखर-अल्कोहोल दोन्ही असेल तर कुणाचं किती हे सांगताच येत नाही. बागेत ठेवा तो.

वाइनचं घरी बघायचंच असेल तर एक जुनी लॅबची पद्धत आहे, ती करून बघितली आणि मजा आली. यासाठी वेगळा हायड्रोमीटर लागतो, १.००० च्या आगंमागं वाचणारा. २०० मिली वाइन मोजून घेतली, तिची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती जड, ते बघितलं, ०.९९२. मग ती उघड्या भांड्यात निम्मी होईपर्यंत उकळली म्हणजे अल्कोहोल उडून गेलं आणि साखर-आम्ल मागं राहिलं, गार करून डिस्टिल्ड वॉटर घालून परत बरोबर २०० केली आणि २० डिग्रीला ग्रॅव्हिटी बघितली, १.००८. पहिल्यातून दुसरी वजा करून एक मिळवायचं, ०.९८४ येतं, ग्रॅव्हिटीवरून टक्के सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं तर १२ टक्के. लेबल म्हणत होतं साडेबारा. घरगुती भांड्यात यापेक्षा जास्त काय पाहिजे! फक्त हे गॅसच्या ज्योतीवर करू नका, वाफेत अल्कोहोल असतं, पेट घेतं. इलेक्ट्रिक शेगडी, उघडी खिडकी, पोरं लांब. आणि वाफ गोळा करायच्या फंदात पडू नका, ते डिस्टिलेशन झालं आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यात विनापरवाना तो सरळ गुन्हा आहे. इथं वाफ सोडून द्यायची असते.

कारखान्याच्या डिस्टिलरीत एक दोस्त केमिस्ट आहे, त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणाला आम्ही पण रंगीत मालाचं आधी ऊर्ध्वपातन करूनच घनता बघतो, फक्त आमचं यंत्र चार दशांश सांगतं आणि तुझा कागद डुलतो.

कागद डुलतो हे त्यानं बरोबर ओळखलं. दांडीच्या आतला स्केल नुसता गोंदाच्या एका ठिपक्यावर असतो, जोरात आपटला किंवा उन्हात राहिला तर सरकतो आणि मग सगळेच आकडे खोटे. मी काचेवर बाहेरून शून्याच्या रेघेला मार्करची बारीक खूण करून ठेवलीय. सिलिंडरवर पण भुरकट जाळी यायला लागलीय, पारदर्शक कडक प्लास्टिकला अल्कोहोल मानवत नाही. काचेचा घ्या, शंभर-दीडशे जास्त जातील.

बरं मग याचा उपयोग झाला का? झाला. एका ठिकाणी, नाव घेत नाही, क्वार्टर मागितली तर बाटली समोर न आणता जगमध्ये ओतून आणतात. मित्रानं तिथली एक क्वार्टर न पिता तशीच रिकाम्या बाटलीत भरून आणली, त्याच्या संयमाला सलाम. व्हिस्की होती. २० डिग्रीला आणून बघितली तर ३३. शेजारी त्याच ब्रँडची सीलबंद बाटली फोडून तसंच बघितलं तर बेचाळीसच्या वर. म्हणजे १८० मिलीत चाळीसेक मिली पाणी. कॅरॅमल दोन्हीत तेवढंच, तापमान तेच, मीटर तोच, इथं पळवाट राहत नाही. हा मीटर वापरायची हीच खरी रीत आहे, एकट्या आकड्यावर जाऊ नका, त्याच मालाची सीलबंद बाटली शेजारी ठेवा आणि फरक बघा. थर्मामीटर चुकीचा असला तरी चूक दोन्हीकडे सारखीच पडते.

यापुढं आम्ही तिथं बाटली टेबलावर फोडून घेतो. वेटरनं काही विचारलं नाही.

काडीवाल्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे अजून चमच्यात ओतून काडी लावतात, पेटली तर असली. चाळीस टक्क्याची दारू २६ डिग्रीच्या आसपास वाफ पेटवते, तीस टक्क्याची २९ ला, वीस टक्क्याची ३६ ला. म्हणजे निम्मं पाणी मारलेला माल मे महिन्यातल्या दुपारी झकास पेटेल आणि चांगला माल जानेवारीच्या पहाटे पेटणार नाही. तुम्ही दारू तपासत नाही, ऋतू तपासताय. बाटली हलवून बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात बघणारे पण आहेत, त्यानं फार तर तीस आणि साठमधला फरक कळेल.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पार्सल बघून शेजारच्यानं हेच विचारलं, "म्हणजे विषारी असली तर यात कळतंय?" नाही. अजिबात नाही. विषारी दारूत माणूस मारतं ते मिथेनॉल, त्याची घनता ०.७९२, आपल्या अल्कोहोलची ०.७८९. मीटरला दोन्ही सारखेच. अर्धं मिथेनॉल असलेल्या फुग्यातल्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतल्या सुट्या दारूत पण मीटर बेचाळीस दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. वासानं नाही, चवीनं नाही, ज्योतीच्या रंगानं नाही, घरी काही केलं तरी खात्रीनं कळत नाही, त्याला लॅबमधलं गॅस क्रोमॅटोग्राफ लागतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती अशाच मालानं. त्यातला वाईट भाग म्हणजे सुरुवातीला साध्या नशेसारखंच वाटतं, खरा त्रास बारा-चोवीस तासांनी, डोळ्यांपुढं धुरकट, पोटात कळा, दम लागणं. कुणाला असं झालं तर लिंबूपाणी पाजत बसायचं नाही, झोपवायचं नाही, तडक सिव्हिलला न्यायचं आणि काय पिलं ते डॉक्टरला लपवायचं नाही. वेळेत गेलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर डोळे जातात. सुटी, बिनलेबलची, फुग्यातली घेऊन मीटरनं तपासून पिऊ असा कुणाचा विचार असेल तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी "घेऊ नका" असाच समजा.

बाकीच्यांना, ज्यांना सीलबंद माल पिताना पाणी मारलंय का एवढाच संशय असतो, त्यांना पाचात साडेतीन स्टार. मीटरला चार, थर्मामीटरला शून्य, चार्ट न दिल्याबद्दल अर्धा कापला. परत घ्यायचा झाला तर मी ० ते १०० वाला घेणार नाही, ३५ ते ५० एवढाच रेंज असलेला घेईन, तेवढ्याच लांबीच्या दांडीवर रेघा सुट्या सुट्या येतात आणि अर्धा टक्का डोळ्यांनी वाचता येतो. पार्सल आलं की डिलिव्हरीवाल्यासमोरच नळी उघडून बघा, फुग्याच्या मानेला बारीक तडा असला तर मीटर चालतो तसा दिसतो पण आत हळूहळू ओल शिरते आणि आठवड्यात शून्य हलतो, माझा पहिला पीस तसाच आला होता, बदलून मिळाला.